सरकारचें भांडवल आणि नगर जिल्ह्याची रोजी

दसऱ्याचें सोनें वाटून झालें कीं नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडील रस्त्यांवर दरवर्षीं एक देखावा दृष्टीस पडतो. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या बाजूच्या गांवांतून माणसांच्या टोळ्या बाहेर पडतात. पूर्वीं त्या बैलगाड्यांतून जात. आतां बहुधा ट्रक किंवा ट्रॅक्टर असतो. पत्र्याची पेटी, पिठाचीं पोतीं, चार भांडीं, डालग्यांतल्या कोंबड्या, एखादी शेळी आणि या सर्वांच्या मध्यें दाटीवाटीनें बसलेलीं पोरें. घराला कुलूप आणि ओट्यावर एखादें म्हातारें माणूस, एवढेंच गांवांत मागें उरतें. हे लोक निघतात ते ऊंस तोडण्यास. कांहीं कोल्हापूर-सांगलीकडे जातात, कांहीं कर्नाटकांत जातात; आणि कांहीं जातात ते याच जिल्ह्याच्या उत्तर भागांत, संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, कोपरगांव या तालुक्यांत.

एकाच जिल्ह्याचें एक टोंक कामासाठीं घर सोडतें आणि दुसरें टोंक कामासाठीं माणसें बोलावतें, हें कसें घडलें? पाऊस आणि पाणी सर्वत्र सारखें नाहीं, हें त्याचें अर्धें उत्तर झालें. उरलेलें अर्धें उत्तर सरकारी तिजोरींत शोधावें लागतें. सार्वजनिक पैसा एखाद्या धंद्यांत घातला, मग तो पाण्याच्या रूपानें असो, जमिनीच्या, भागभांडवलाच्या किंवा माफ केलेल्या कराच्या रूपानें असो, तर त्या प्रदेशांत काम किती वाढतें, तें कोणाला मिळतें आणि कोठें मिळतें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा प्रश्न सगळ्या जगांत विचारला जातो. परंतु नगर जिल्ह्यांत तो शंभर वर्षांच्या अनुभवावर तपासून पाहतां येतो. या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें. आजची हकीकत बहुतेक मागच्या काळची असल्यामुळें मी जुनेंच नांव वापरणार आहें.

जिल्ह्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यांत सह्याद्रीचा माथा आहे. तेथें पाऊस धो धो कोसळतो. तेथून पूर्वेकडे जसजसें यावें तसतसें आभाळ कोरडें होत जातें, आणि बाकीचा बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेंत पडतो. १८७६ ते १८७८ या सालांच्या मोठ्या दुष्काळांत या भागाची फार वाताहत झाली. त्या काळच्या सरकारला रोजगारी देण्याचा एकच मार्ग ठाऊक होता: दुष्काळ पडला कीं रस्ते फोडावयाचे, तलाव खणावयाचे आणि खडी फोडणाऱ्याला जेमतेम पोट भरेल एवढी मजुरी द्यावयाची. दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर असेच दुष्काळी मजूर लागले होते, आणि १८७८ सालीं तो मार्ग चालूं झाला. पाऊस पडला कीं काम बंद आणि मजूर पुन्हां आपल्या शेताकडे, अशी ती पद्धत होती.

१८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर विचार पालटला. १९०१ सालीं नेमलेल्या पाटबंधारे कमिशननें असें मत दिलें कीं दुष्काळ आल्यावर खर्च करण्यापेक्षां तो येण्यापूर्वीं कालवे काढावेत. उत्पन्न कमी आलें तरी चालेल, मनुष्यें वांचलीं पाहिजेत. अशा कामांना संरक्षक कामें म्हणत. या धोरणांतून गोदावरीवर दारणेच्या पाण्याचे कालवे निघाले, आणि प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण उभें राहिलें. १९१० सालीं त्याचा आरंभ झाला आणि १९२६ सालीं तें पुरें झालें. सुमारें २७० फूट उंचीचें हें धरण त्या काळच्या हिंदुस्थानांतील अति उंच धरणांपैकीं होतें.

पाणी आलें, पण घेणारा शेतकरी पुढें येईना! इंजिनियरांना याचें मोठें आश्चर्य वाटलें. शेतकऱ्याला वाटलें नाहीं. बरें वर्ष असेल तर बाजरी-ज्वारीला कालव्याचें पाणी लागत नाहीं, आणि त्याचा पैसा मात्र भरावा लागतो. शिवाय खोल काळ्या जमिनींत पाणी फार झालें कीं ती पाणथळ होते, खारवटते. म्हणून चार वर्षांतून एकदां लागणाऱ्या पाण्यासाठीं दरवर्षीं बांधून घेण्यास तो तयार नव्हता. इकडे सरकारला धरणाचा खर्च डोळ्यांपुढें दिसत होता. तेव्हां बाराही महिने पाणी पिणारें आणि पाणीपट्टी देण्यास समर्थ असें पीक सरकारनें जवळ केलें. तें पीक ऊंस. पुणें जिल्ह्यांतील सासवडचे माळी बागायतदार कालव्याच्या कडेला येऊन खंडानें जमिनी घेऊं लागले आणि त्यांनीं उंसाचा धडा घालून दिला. दुष्काळांतील गरिबासाठीं काढलेला कालवा अशा रीतीनें बागायतीचा कालवा झाला. पुढील सारी कथा या एका वळणांतून निघाली आहे.

या पाण्यावर पहिले कारखाने खाजगी भांडवलाचे निघाले. पहिल्या महायुद्धानंतर बेलापूर कंपनीनें हरेगांव येथें साखरेचा उद्योग उभारला. तिच्यासाठीं आसपासच्या गांवांतील जमीन सरकारनें संपादन करून दिली. पुढें १९३२ सालीं साखरधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. परदेशी साखरेवर हंड्रेडवेटामागें सव्वासात रुपये जकात बसली, आणि जावाची स्वस्त साखर बाहेर राहिली. सगळ्या देशांत तोंवर सुमारें तीस कारखाने होते. चार-पांच वर्षांतच ते शंभरांवर गेले. नगर जिल्ह्यांत टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर अशा नव्या वस्त्या उठल्या. जकातीचा भार साखर खाणाऱ्या प्रत्येकावर पडत होता, म्हणजे तीही एका अर्थानें सरकारनें दिलेली मदतच होती. फक्त ती तिजोरींतून जात नव्हती, गिऱ्हाइकाच्या चहाच्या पेल्यांतून जात होती.

या कारखान्यांनीं काम दिलें यांत शंका नाहीं. बेलापूर रोड स्टेशनच्या आसपास बाजारपेठ वाढली, तिचेंच आज श्रीरामपूर शहर झालें आहे. परंतु कारखान्याचा रसायनज्ञ, यंत्रज्ञ, हिशेबनीस हे बहुधा बाहेरून आले, आणि गांवचा मनुष्य शेतमजूर किंवा पहारेकरी झाला. ज्या शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी कंपन्यांना खंडानें दिल्या त्यांना ‘खंडकरी’ हें नांव पडलें. १९६१ सालीं जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा झाला आणि कारखान्यांच्या जमिनी १९६३ सालीं स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. आपली जमीन परत मिळावी म्हणून खंडकऱ्यांच्या दोन पिढ्यांनीं झगडा केला. २०१२ च्या सुमारास जमीनवाटपाला आरंभ झाला. काम देण्याच्या नांवावर घेतलेली जमीन परत मिळण्यास अर्धें शतक लागलें, ही गोष्ट रोजगारीचे आंकडे मांडतांना कोणी लिहीत नाहीं. पण ती जमाखर्चांत धरलीच पाहिजे.

आतां प्रवरानगरकडे वळूं. कारखाना निघण्यापूर्वीं आणि निघाल्यावरही लहान बागायतदार आपल्या उंसाचा गूळ करीत असे. गुऱ्हाळावर चरक, कढई, गुळव्या, जाळवा, मोळ्या आणणारे गडी, अशी दहा-पंधरा माणसें राबत. पण ढेप बाजारांत गेली कीं भाव अडत्याच्या हातीं. भाव कोसळला म्हणजे ऊंस लावल्याचाच शेतकऱ्याला पश्चात्ताप होई, आणि सावकाराचें व्याज मात्र थांबत नसे. लोणी बुद्रुकचे विठ्ठलराव विखे पाटील यांनीं गांवच्या सहकारी पतपेढीचें काम पुष्कळ वर्षें केलें होतें. १९४५ सालीं बेलापूर रोड येथें दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनीं स्वतःच सहकारी कारखाना काढावा, ही कल्पना त्या परिषदेंतून पुढें आली. विठ्ठलराव गांवोगांव हिंडून भाग गोळा करूं लागले. नोकरशाहीला आणि धनिकांना ती गोष्ट वेडेपणाची वाटली असल्यास नवल नाहीं; कारण लंगोटी नेसणाऱ्या शेतकऱ्यानें लाखो रुपयांचें यंत्र विकत घ्यावें, असें सहसा घडत नसे.

येथें सरकारी भांडवलाचें खरें काम काय असतें तें दिसून येतें. शेतकऱ्यांनीं जमा केलेले पैसे यंत्राच्या किंमतीच्या मानानें थोडे होते. बँक म्हणे, मालकाचें भांडवल पुरेसें नाहीं, कर्ज कोणत्या भरंवशावर द्यावें? अशा वेळीं मुंबई सरकारनें कारखान्याचे भाग घेतले. वैकुंठभाई मेहता त्या वेळीं मुंबई सरकारचे अर्थमंत्री होते आणि सहकारी चळवळींत त्यांचा जन्म गेला होता. सरकारचा पैसा पडतांच कर्जाचीं दारें उघडलीं. १९४८ सालीं नव्यानेंच स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळानें कर्ज दिलें. कारखाना १९४८ च्या अखेरीस नोंदला गेला आणि १९५०-५१ च्या हंगामांत चरकांत पहिला ऊंस पडला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष झाले. सरकारचा हा पैसा दान नव्हता. तो भाग होता, आणि सभासदांनीं ऐपत आल्यावर तो फेडावा अशी अपेक्षा होती. थोडक्यांत, सरकारनें शेतकऱ्याला पैसा दिला असें म्हणण्यापेक्षां आपली पत उसनी दिली असें म्हणणें अधिक खरें होईल.

त्याचें फळ काय मिळालें? कारखान्यांत कायम आणि हंगामी नोकर लागले, हें उघडच आहे. पण त्याहून मोठें काम कारखान्याच्या फाटकाबाहेर निर्माण झालें. उंसाची गाडी ओढणारे बैल, त्यांना पत्री ठोकणारा, टायर दुरुस्त करणारा, खताचा दुकानदार, इंजिनाचा मिस्त्री, बँकेचा कारकून, हॉटेलवाला, असा एक संसार त्याच्या भोंवतीं उभा राहिला. उंसाच्या बिलांतून कांहीं रक्कम कापून शाळा, दवाखाने, पुढें महाविद्यालयें निघालीं. लोणीला १९८० च्या दशकांत अभियांत्रिकी आणि वैद्यकीय शिक्षणाच्या संस्था झाल्या. नफा मुंबईस न जातां गांवांतच फिरला, म्हणून एका कामामागें दुसरें काम लागलें. खाजगी आणि सहकारी कारखान्यांतील रोजगारीचा मोठा फरक येथें होता.

तरीही वजाबाकी केल्याशिवाय बेरीज पुरी होत नाहीं. गुऱ्हाळें बंद पडलीं तेव्हां गुळवे आणि जाळवे यांचें काम गेलें. बैलाच्या चरकावर आठवडाभर चालणारें गाळप यंत्रानें कांहीं मिनिटांत होऊं लागलें. नव्या नोकऱ्या अधिक पगाराच्या आणि अधिक खात्रीच्या होत्या, हें खरें. परंतु त्या मिळालेली माणसें आणि जुनें काम गेलेलीं माणसें नेहमींच एक नव्हतीं. सरकारच्या मदतीनें अमुक हजार नोकऱ्या झाल्या असें आपण वाचतों, तेव्हां गेलेल्या कामांची वजाबाकी झाली आहे कीं नाहीं, हें विचारण्याची संवय लावून घेतली पाहिजे.

प्रवरेच्या यशानें सरकारचा विश्वास वाढला. १९५४ सालीं ग्रामीण पतपुरवठ्याच्या अखिल भारतीय पाहणीचा अहवाल बाहेर पडला. गाडगीळ त्या समितीवर होते. सहकारी संस्थांत सरकारनें भागीदार व्हावें अशी शिफारस तींत होती, आणि मग अपवाद होता तो नियम झाला. पुढें पुढें महाराष्ट्रांत अशी रीत पडली कीं नव्या कारखान्यासाठीं सभासदांनीं शेंकडा १०, सरकारनें ३० आणि कर्ज देणाऱ्या संस्थांनीं ६० भाग द्यावा, आणि कर्जालाही सरकारनें थकहमी द्यावी. कोळपेवाडी, संगमनेर, राहुरी, अशोकनगर, श्रीगोंदें, सोनई, भेंडें अशा ठिकाणीं धुराडीं उभीं राहिलीं. मुळा धरणाचें पाणी आल्यावर नेवाशाकडेही ऊंस पसरला. शेवटीं पाथर्डीसारख्या कोरड्या तालुक्यांतही कारखाना निघाला.

परंतु सभासदाच्या खिशांतले दहा आणि दुसऱ्याचे नव्वद, असा डाव मांडला कीं सावधगिरी कमी होते. पहिल्या कारखान्याच्या वेळीं ऊंस आधीं होता आणि कारखाना मागून आला. नंतरच्या कित्येकांच्या बाबतींत कारखाना आधीं आला आणि ऊंस येईल अशी आशा होती. पाऊस हुकला कीं गाळप अर्धें, गाळप अर्धें कीं हप्ता थकला, आणि हप्ता थकला कीं सरकारची थकहमी पुढें करावयाची. राज्यांत अनेक सहकारी कारखाने बंद पडले, कांहीं बँकांनीं विकले. कामगारांचे पगार महिनोन् महिने अडकले. रोजगारीसाठीं घातलेलें भांडवल बुडालें म्हणजे रोजगारीही बुडते, आणि ती बुडण्यापूर्वीं गांवानें आपली शेती, आपलीं कर्जें, मुलांचीं लग्नें तिच्या आधारावर मांडलेलीं असतात.

आतां त्या पूर्वेकडच्या रस्त्यावर परत येऊं. ऊंस तुटल्यावर तो फार तर एका दिवसांत गाळला पाहिजे. उशीर झाला तर त्यांतली साखर घटते. त्यामुळें तोडणीचा क्रम कारखान्याच्या घड्याळावर चालावा लागतो, आणि रात्रीं-बेरात्रीं फडांत माणूस हजर असावा लागतो. असें काम करण्यास बागायतीच्या गांवांतील मजूर पुरत नव्हता आणि तयारही नव्हता. म्हणून मुकादमामार्फत कोरड्या तालुक्यांतून टोळ्या आणण्याची पद्धत पडली. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो तेव्हां मुकादम उचल देतो. ती फेडण्यासाठीं पांच-सहा महिने फडांत राबावें लागतें. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. हजेरी कोयत्याची लागते, माणसाची नाहीं. नवरा तोडतो, बायको मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि मजुरी दोघांची मिळून एक ठरते. उंसाचीं हिरवीं वाढें विकून येतील तेवढेच पैसे रोजच्या मिठामिरचीला होतात. खोपींत राहणाऱ्या मुलाची शाळा कार्तिकांत सुटते ती चैत्रांत भेटते, भेटली तर.

सरकारनें कारखान्याला भांडवल दिलें, धरणाचें पाणी दिलें, कर्जाला हमी दिली. त्या पैशानें उत्तरेकडे कायम नोकरी, शाळा आणि दवाखाना झाला. दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे हंगामी मजुरी झाली. दोन्ही रोजगारीच आहेत. आंकड्यांच्या तक्त्यांत दोन्ही एका खालीं एक बसतात. पण एकीनें माणूस घरीं राहतो आणि दुसरीनें घर सोडतो, हा भेद तक्त्यांत दिसत नाहीं.

याच्या जोडीला सरकारी मदतीचा दुसरा एक प्रवाह १९६० नंतर सुरू झाला. मुंबई-ठाणें-पुणें या पट्ट्यांत उद्योगांची दाटी झाली होती. ती मोडावी म्हणून १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि १९६४ पासून मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांना सवलतींची सामुदायिक योजना लागू झाली. विक्रीकर कांहीं वर्षें लांबणीवर टाकावयाचा, जकातीची परतफेड करावयाची, भांडवलाचा कांहीं भाग द्यावयाचा, असे तिचे प्रकार होते. तालुके जितके मागास तितकी सवलत मोठी. स्थानिक लोकांना शेंकडा ८० नोकऱ्या द्याव्यात अशी अटही पुढें आली. केंद्र सरकारनेंही १९७१ पासून निवडक जिल्ह्यांत भांडवली अनुदान दिलें. महाराष्ट्रांत त्यासाठीं रत्नागिरी, चंद्रपूर आणि नगरच्या शेजारचें औरंगाबाद हे जिल्हे निवडले गेले. नगर त्या यादींत नव्हतें. साखरेमुळें जिल्ह्याची सरासरी बरी दिसत होती, आणि सरासरींत जामखेड झांकलें जातें, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नगर शहराजवळ नागापूरला, श्रीरामपूरला आणि पुण्याच्या रस्त्यावर सुप्याला औद्योगिक वसाहती झाल्या. सुप्यास अलीकडे परदेशी, विशेषतः जपानी उद्योगांसाठीं जागा राखण्यांत आली. सुपें हें पारनेर तालुक्यांत आहे आणि पारनेरचा पुष्कळसा भाग कोरडाच आहे. तेव्हां तेथें कारखाने आले ही चांगली गोष्ट झाली. पण ते तेथें का आले आणि जामखेडला का गेले नाहींत? रस्ता पाहिला म्हणजे उत्तर सांपडतें. कारखानदार सवलतीची रेषा ओलांडतो, पण शक्य तितक्या कमी अंतरावर ओलांडतो. पुण्याच्या बाजारापासून, बंदराच्या रस्त्यापासून आणि कुशल कारागिरापासून दूर जाण्याची किंमत कोणतेंही अनुदान सहसा भरून देऊं शकत नाहीं.

या बाबतींत बाहेरच्या देशांचा अनुभवही आपल्याला उपयोगी पडेल. इटालींत १९५० सालीं दक्षिण भागासाठीं एक मोठा निधी स्थापन झाला. त्या धोरणांतून पोलाद आणि रसायनांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. भोंवतालीं लहान धंदे मात्र फारसे उगवले नाहींत. लोक त्यांना वाळवंटांतलीं देवालयें म्हणूं लागले. इंग्लंडांत १९३४ सालीं मंदीनें ग्रासलेल्या प्रदेशांसाठीं कायदा झाला आणि तेव्हांपासून तें धोरण निरनिराळ्या रूपांनीं चालत आलें. तेथील १९७२ पासूनच्या भांडवली अनुदानाचा चार अर्थशास्त्रज्ञांनीं केलेला अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. कोणते प्रदेश मदतीस पात्र, याचे नियम युरोपच्या पातळीवर वेळोवेळीं बदलत. त्या बदलांचा उपयोग करून त्यांनीं अनुदानाचा परिणाम वेगळा काढला. अनुदानानें कारखान्यांतील रोजगारी खरोखर वाढली आणि बेकारी कमी झाली, असें त्यांना आढळलें. पण ती वाढ लहान उद्योगांत झाली होती. मोठ्या कंपन्यांनीं पैसा घेतला आणि तो नसता तरी जें केलें असतें तेंच केलें!

प्रवरेचा दाखला या निष्कर्षाशीं किती जुळतो, पाहा. १९४८ सालचे शेतकरी लहान होते, त्यांना कर्ज कोणी देत नव्हतें, म्हणून सरकारच्या रुपयानें तेथें जें घडलें तें अन्यथा घडलें नसतें. ज्याला पत आहे त्याला दिलेला रुपया त्याच्या नफ्यांत मिळून जातो. ज्याला कर्तृत्व आहे पण पत नाहीं त्याला दिलेला रुपया नवें काम उभें करतो.

आणखी एक गोष्ट. मदत भांडवलाच्या प्रमाणांत दिली कीं ती यंत्राला मिळते, माणसाला नाहीं. ऊंस तोडणारें यंत्र घेण्यासाठीं २०२३ सालीं राज्यांत एक योजना आली. किंमतीच्या शेंकडा ४०, जास्तींत जास्त ३५ लाख रुपये अनुदान. तोडणीचें काम कष्टाचें आहे, तें यंत्रानें करावें यांत गैर नाहीं. कोयता आपल्या मुलाच्या हातीं जावा असें कोणत्याही आईला वाटत नाहीं. परंतु यंत्राला चाळीस टक्के देणाऱ्या राज्यानें, कोयता खालीं ठेवणाऱ्या जोडप्यानें पुढच्या दसऱ्याला काय करावें, याचें उत्तर त्याच कागदावर लिहिलें पाहिजे.

त्या उत्तराचा एक नमुना याच जिल्ह्यांत आहे. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें मागेल त्याला काम देण्याची योजना हातीं घेतली, आणि १९७७ सालीं तिचा कायदा केला. आपण शहरांतील नोकरदार लोक व्यवसायकर देतों. तो १९७५ सालीं मूळ याच कामासाठीं बसविला होता, ही गोष्ट पुष्कळांच्या विस्मरणांत गेली आहे. हा पैसा भांडवलदाराला न जातां मजुरींत जातो. नगर तालुक्यांतील हिवरे बाजारनें १९९० च्या दशकांत अशा सरकारी योजनांचा पैसा समतल चर, बांध आणि झाडें यांत घातला, आणि पाणी खाणाऱ्या पिकांवर स्वतःच बंधन घातलें. विहिरींना पाणी राहूं लागलें, दूध वाढलें, आणि गांव सोडून गेलेलीं कुटुंबें परत आलीं. तेथें धुराडें एकही उभें राहिलें नाहीं. हिवरे बाजारासारखें नेतृत्व आणि एकी प्रत्येक गांवीं मिळत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे; पण माणूस घरीं राहील असें काम कोरड्या मुलखांत निर्माण होऊं शकतें, एवढें त्यानें सिद्ध केलें.

सरकारनें धंद्याला मदत करूं नये असें या सर्वांतून निघत नाहीं. भंडारदरा नसता, १९३२ ची जकात नसती, प्रवरेचे सरकारी भाग नसते, तर उत्तर नगर आज दिसतें तसें दिसलें नसतें. निघतें तें इतकेंच कीं पैसा देण्यापूर्वीं कांहीं साधे प्रश्न विचारावेत. हा पैसा मिळाला नाहीं तर हें काम होणार नाहीं काय? तें कोणाच्या दारीं होईल? तें बारा महिन्यांचें असेल कीं सहा? आणि त्यापायीं कोणाचें काम, कोणाची जमीन, कोणाचें पाणी जाईल?

पुढील दसऱ्यानंतर नगरच्या पूर्वेकडील रस्त्यावरून जाण्याचा प्रसंग आला, तर समोरून येणाऱ्या ट्रकाकडे क्षणभर पाहावें. आपल्या चहांतील साखरेचा प्रवास तेथून सुरू होतो. त्या ट्रकांतलीं माणसें शंभर वर्षांच्या सरकारी धोरणाच्या कडेला उभीं राहिलेलीं आहेत. तीं त्या धोरणाच्या मध्यभागीं केव्हां येतील, हा अजून न सुटलेला प्रश्न आहे.